अवतरणचिन्हांच्या आत मराठी कोण लिहिणार?

वकिलीच्या पहिल्या वर्षांत आमच्या वाट्याला आलेले काम युक्तिवादाचे नव्हते. कात्रीचे आणि खळीचे होते. गॅझेट येई, त्यात एखादा सुधारणा अधिनियम असे, आणि ज्येष्ठांच्या कचेरीतील बेअर ॲक्टच्या प्रतींत ती सुधारणा चढवण्याचे काम नव्या वकिलावर आणि कारकुनावर पडे. कागद पसरून आम्ही अवतरणचिन्हांच्या आतला मजकूर तेवढा कापत असू. 'मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमाच्या पोट-कलम (२) ऐवजी पुढील पोट-कलम दाखल करण्यात येईल' हे वाक्य केराच्या टोपलीत जाई. त्यापुढे दुहेरी अवतरणांत आलेले नवे पोट-कलम मात्र जुन्यावर जपून डकवले जाई, वर वही ठेवून दाबले जाई. एकदा खळ ओली असतानाच पान मिटले आणि दोन कलमे एकमेकांना चिकटली. त्या दिवशी ऐकलेले शब्द येथे उद्धृत करण्याजोगे नाहीत.

कात्रीने जे शिकवले ते पुढे कायद्याच्या पुस्तकातही सापडले. सुधारणा अधिनियमाचे सारे सामर्थ्य अवतरणचिन्हांच्या आत असते. बाहेरची वाक्ये म्हणजे हमालाच्या डोक्यावरची चुंबळ: ओझे पोहोचले की तिचे काम संपले. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ मध्ये १९३६ साली कलम ६-अ घालण्यात आले, ते हेच सांगते. ज्या अधिनियमाने दुसऱ्या अधिनियमाचा मजकूर वगळला, घातला किंवा बदलला, तो सुधारणा अधिनियम पुढे निरसित झाला तरी केलेला बदल कायम राहतो. जेठानंद बेताब विरुद्ध दिल्ली राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम लावला. संसद अधूनमधून निरसन व सुधारणा अधिनियम करून जुने सुधारणा अधिनियम झाडून टाकते आणि कोणाच्याही हक्काला धक्का लागत नाही, त्याचे कारण हेच. चुंबळ फेकली जाते. ओझे ज्याच्या घरात उतरले त्याच्या घरात राहते.

म्हणूनच आम्ही विचारतो की या अवतरणचिन्हांच्या आतला मजकूर मराठीत कोण लिहितो, केव्हा लिहितो आणि कोणत्या साधनाने लिहितो. हा प्रश्न पाट्यांच्या आंदोलनाइतका उठावदार नाही, हे आम्ही जाणतो. चळवळीतील काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो हसण्यावारी नेला. 'दुकानावरच्या मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या, आता संगणकाच्या डब्यातल्या मराठीसाठी लेख लिहायचे काय?' असे त्यांचे म्हणणे. आमचे उत्तर असे की, पाटी रंगाने पुसता येते आणि रंगानेच पुन्हा लिहिता येते. कायद्याच्या मजकुरात ज्या भाषेची जागाच ठेवली गेली नाही, तिला ती नंतर कोणताही रंगारी मिळवून देऊ शकत नाही.

कात्री आता गेली. जगातील अनेक कायदेमंडळांत विधेयके मसुदालेखनासाठी खास बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली जातात. त्यामागे 'अकोमा न्तोसो' नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. नाव पश्चिम आफ्रिकेतील अकान भाषेतले, अर्थ 'जोडलेली हृदये'. आफ्रिकेतील संसदांसाठी संयुक्त राष्ट्रांनी चालवलेल्या उपक्रमातून ते निघाले, बोलोन्या विद्यापीठातील फाबिओ विताली व मोनिका पाल्मिरानी यांनी ते घडवले आणि २०१८ साली ओएसिस या संस्थेने त्यास मानकाचा दर्जा दिला. युरोपीय आयोगाची 'लिओस' आणि ब्रिटनमधील 'लॉमेकर' या प्रणाली याच घराण्यातल्या. या मानकात सुधारणेच्या मजकुरासाठी दोन वेगळे कप्पे आहेत. पहिला 'क्वोटेड टेक्स्ट', त्याला आम्ही उद्धृत शब्द म्हणू. एखाद्या शब्दाऐवजी दुसरा शब्द घालायचा असेल तर तो यात बसतो. दुसरा 'क्वोटेड स्ट्रक्चर', म्हणजे उद्धृत रचना. संपूर्ण कलम, पोट-कलम, खंड किंवा परंतुक नव्याने घालायचे असेल तर ते क्रमांकासह, आतल्या उपविभागांसह यात बसते. अवतरणचिन्हे मजकुरात टंकित केलेली नसून कप्प्याचा गुणधर्म म्हणून नोंदलेली असतात. प्रत्येक घटकाला त्याच्या दिसणाऱ्या क्रमांकाहून वेगळी, अदृश्य अशी ओळख असते आणि तो कोणत्या भाषेत आहे याची नोंद करता येते. आमच्या कात्रीने जे केले तेच हे यंत्र करते. फक्त खळ सांडत नाही.

मानक उत्तम आहे. त्यात मराठीविरुद्ध काहीही नाही. दोष आहे तो आपल्याकडे रुजलेल्या मसुदालेखनाच्या सवयीत, आणि ती सवय जशीच्या तशी यंत्रात ओतली जाण्याच्या धोक्यात. आपल्याकडील सुधारणा विधेयके फार मोठ्या प्रमाणावर 'शब्दाऐवजी शब्द' या पद्धतीने लिहिली जातात. ती पद्धत इंग्रजीच्या हाडामासाची आहे. इंग्रजी नाम वाक्यात कोठेही गेले तरी जवळजवळ तसेच राहते. 'कलेक्टर' या शब्दाऐवजी, तो जेथे जेथे आला असेल तेथे तेथे, 'कमिशनर' हा शब्द घाला, असे म्हटले की इंग्रजी कायदा एका ओळीत बदलतो.

मराठीत हे करून पाहा. कलमात जिल्हाधिकारी एकदाच येत नाही. तो जिल्हाधिकाऱ्याने म्हणून आदेश काढतो, जिल्हाधिकाऱ्याकडे म्हणून अर्ज घेतो, जिल्हाधिकाऱ्याच्या म्हणून निर्णयाविरुद्ध अपील सोसतो. 'जिल्हाधिकारी' हा शब्द शोधणाऱ्या यंत्राला यांतला एकही सापडत नाही. मग कायद्याचे एक वाक्य आयुक्ताच्या हाती जाते आणि पुढची तीन जिल्हाधिकाऱ्याकडेच राहतात. याहून अवघड आहे लिंगाचे प्रकरण. इंग्रजीत 'बोर्ड' काढून 'कमिटी' घातली की संपले. मराठीत 'असे मंडळ, जे या कलमान्वये स्थापन झाले आहे' या वाक्यातून मंडळ काढून समिती बसवली तर 'असे'ची 'अशी' होते, 'जे'ची 'जी' होते, 'झाले'ची 'झाली' होते. एक शब्द बदलण्याची आज्ञा आणि बदलावे लागतात चार. उरलेले तीन बदलण्याचा अधिकार मसुदाकाराला कोणी दिला? काटेकोर वकील कोर्टात हा प्रश्न विचारू शकतो, आणि आम्ही विरुद्ध पक्षाचे असतो तर विचारलाही असता.

शब्दक्रमाचेही तसेच. इंग्रजीत 'जमीन' या शब्दानंतर 'महानगरपालिकेच्या हद्दीत असलेली' अशी पुस्ती जोडता येते. मराठीत ती पुस्ती जमिनीच्या आधी यायला हवी. म्हणजे इंग्रजी सुधारणेत 'या शब्दानंतर' असेल तेथे मराठीत 'या शब्दापूर्वी' हवे. इंग्रजी मजकुराच्या प्रत्येक कप्प्याला मराठीचा एकच कप्पा, त्याच जागी, असे जर यंत्र गृहीत धरणार असेल, तर मराठी मसुदाकारापुढे दोनच वाटा उरतात: व्याकरण मोडायचे किंवा यंत्राला फसवायचे. आम्हांस भीती पहिल्या वाटेची आहे, कारण ती सोपी आहे आणि 'शासकीय मराठी असेच असते' असे म्हणून आपण तिला वर्षानुवर्षे माफ करत आलो आहोत.

आमच्या जिल्ह्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या बाबतीत कन्नड आमची प्रतिस्पर्धी नाही, समदुःखी आहे. कन्नडमध्येही नामाला प्रत्यय चिकटून येतात. 'जिल्लाधिकारी'ला देण्याचे असेल तर 'जिल्लाधिकारिगे' होते, त्याचे असेल तर 'जिल्लाधिकारिय' होते. इंग्रजीच्या मापाने शिवलेला अंगरखा तिलाही काखेत घट्ट होतो. कोकणीचेही तेच. बेंगळुरू, पणजी आणि मुंबई येथील मसुदाकार एका टेबलाशी बसले तर या प्रश्नावर त्यांचे पाच मिनिटांत एकमत होईल. ते कधी बसत नाहीत, हा भाग वेगळा.

आणखी एक बारकावा. तो बारीक आहे म्हणूनच घातक आहे. 'जिल्हाधिकाऱ्याने' या शब्दातला 'ऱ्य' पाहा. युनिकोडमध्ये हा चंद्राकृती रफार दोन रीतींनी लिहिता येतो: एक, नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून, दुसरी, साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब एकसारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. मूळ कायदा एकाने एका रीतीने टंकला, सुधारणा दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने, की 'जेथे जेथे आला असेल तेथे तेथे' या आज्ञेला यंत्र शांतपणे 'सापडला नाही' असे उत्तर देते. 'ॲ'चीही तीच गत. आणि हे युनिकोडच्या भाग्यवंतांपुरते झाले. जुन्या खासगी फाँटांत टंकलेला कायद्याचा मजकूर उचलून नव्या प्रणालीत चिकटवून पाहावा; अवतरणचिन्हांच्या आत जे उतरते ते कोणत्याच भाषेत नसते.

आता क्रमांकाकडे येतो. आमच्या मते या विषयातील सर्वांत गंभीर भाग तोच, आणि सीमाभागातील शेतकऱ्याच्या पोटाशी त्याचा थेट संबंध आहे.

रस्त्यासाठी जमीन जाणे म्हणजे काय, हे बेळगावभोवतीच्या गावांना सांगावे लागत नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेतली जाते ती राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली. परंतु त्या संपादनाची सारी यंत्रणा १९५६ च्या मूळ मजकुरात नव्हती. ती १९९७ च्या सुधारणा अधिनियमाने, अवतरणचिन्हांच्या आतून, कलम ३ नंतर नव्या कलमांची रांग घालून आली. इंग्रजी वर्णमालेने या रांगेतले पहिले कलम संपादनाचा उद्देश अधिसूचित करण्याचे, दुसरे मोजणीसाठी जमिनीवर जाण्याचे, तिसरे हरकतींच्या सुनावणीचे, चौथे संपादनाच्या घोषणेचे. चौथ्या कलमाखालील घोषणा प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र शासनाकडे निहित होते. हरकतीसाठी मुदत आहे पहिल्या कलमाखालील अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवस.

या चार कलमांना मराठीत काय म्हणायचे? मराठी कायदेलेखनात दोन क्रम नांदतात. भारताच्या संविधानाच्या मराठी पाठात क, ख, ग, घ हा क्रम आहे; मूलभूत कर्तव्ये तेथे अनुच्छेद ५१क मध्ये आहेत आणि प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिक्षणाचा अनुच्छेद ३५०क आहे. राज्याच्या कार्यालयीन लेखनात, आणि आम्हा वकिलांच्या जिभेवरही, अ, ब, क, ड हा क्रम रुळलेला आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने प्रत्येक कार्यालयाला स्वतःहून जी माहिती जाहीर करावी लागते, तिच्यावर कोठे 'कलम ४(१)(ख)' असे शीर्षक दिसते आणि कोठे 'कलम ४(१)(ब)'. खंड एकच. तेथे गोंधळ फक्त हास्यास्पद आहे, कारण ख आणि ब यांची गल्लत होत नाही. महामार्गाच्या कायद्यात मात्र 'कलम ३क' असे लिहिले की त्याचे दोन अर्थ होतात. संविधानाच्या क्रमाने ते संपादनाच्या उद्देशाचे कलम. कचेरीच्या क्रमाने ते हरकतींच्या सुनावणीचे. पहिल्या अर्थाने २१ दिवसांचे घड्याळ सुरू होते. दुसऱ्या अर्थाने शेतकऱ्याला वाटते की सुनावणीची नोटीस आली आहे आणि बोलण्याची वेळ पुढे यायची आहे. एका अक्षरावर मुदत जाऊ शकते. मुदत गेल्यावर 'ते अक्षर संदिग्ध होते' या युक्तिवादाला कोर्टात किती वजन मिळते, हे आम्हांला वाचकांनी विचारू नये.

(आम्ही वर कलम ६-अ असे लिहिले. केंद्रीय कायद्याचे कलम, आणि आमची सवय कचेरीची. कोणी पत्र लिहून चूक दाखवण्याआधी आम्हीच कबूल करतो.)

येथेच सॉफ्टवेअर उपयोगी पडते, आणि म्हणून आम्ही त्याचे शत्रू नाही. उद्धृत रचनेतील कलमाची अदृश्य ओळख एक, आणि दिसणारा क्रमांक दुसरा. ओळख सर्व भाषांत समान ठेवता येते. क्रमांक त्या त्या भाषेच्या मान्य मालिकेतून आपोआप उमटवता येतो. इंग्रजीतल्या तिसऱ्या कलमाला मराठीत ग म्हणायचे की क, हे एकदा अधिकृतपणे ठरवावे आणि यंत्राला सांगावे. मग टंकलेखकाच्या सवयीवर शेतकऱ्याची मुदत अवलंबून राहणार नाही. परंतु यंत्रात इंग्रजी मजकूर रचना म्हणून शिरला आणि मराठी मजकूर नंतर कधीतरी त्याच्या शेपटीला बांधलेली पीडीएफ म्हणून आला, तर या सोयीचा मराठीला काहीही उपयोग नाही. पीडीएफला ओळख नसते. ती कायद्याचे छायाचित्र असते.

याच महामार्ग कायद्यातील आणखी एक वाक्य जाता जाता. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा, त्यांपैकी एक देशी भाषेतील असावे, असे त्यात म्हटले आहे. 'एका देशी भाषेतील', एवढेच. कोणत्या, हे कायदा सांगत नाही. हेही वाक्य अवतरणचिन्हांच्या आतूनच आले. मसुदा लिहिताना कोणीतरी 'त्या क्षेत्रातील जमीनधारकांना समजणाऱ्या' एवढे शब्द घातले असते, तर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील शेतकऱ्याला आपल्या भाषेतील नोटिशीसाठी निदान कायद्याचा आधार मिळाला असता. घटनेने नेमलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या अहवालांचा पाया असलेल्या संरक्षण-योजनेत, ज्या भागात अल्पसंख्याक भाषिक १५ ते २० टक्के आहेत तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, असे मान्य झालेले आहे. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेपासून हे कागदावर आहे. कागद आणि कायदा यांत जे अंतर असते ते अवतरणचिन्हांच्या त्या दोन जोड्यांएवढेच आहे, आणि साठ वर्षांत आपण ते ओलांडलेले नाही.

आमच्याविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा: एवढा खटाटोप कशाला, शेवटी इंग्रजी पाठच प्रमाण. वरवर पाहता तो खरा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे राज्य विधानमंडळाने दुसऱ्या भाषेत कायदा केला तरी राज्यपालांच्या प्राधिकारान्वये प्रसिद्ध झालेले त्याचे इंग्रजी भाषांतर हाच प्राधिकृत पाठ मानला जातो. महाराष्ट्राचा मराठी अधिनियम आणि त्याखाली राजपत्रात येणारे इंग्रजी भाषांतर यांची जोडी वाचकांनी पाहिली असेलच. तेथे मूळ हे छायेसारखे असते आणि छाया मूळासारखी. नित्यानंद शर्मा विरुद्ध बिहार राज्य या १९९६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयानेही इंग्रजी पाठालाच अग्रमान दिला. हे आम्हांला आवडत नाही, पण कायदा असा आहे आणि वकील म्हणून आम्ही तो लपवणार नाही.

मात्र आक्षेप घेणारे केंद्रीय कायद्यांविषयी बोलताना एक अधिनियम सोयीस्करपणे विसरतात. प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधि) अधिनियम, १९७३ असे म्हणतो की, केंद्रीय कायद्याचे आठव्या अनुसूचीतील हिंदीव्यतिरिक्त भाषेतील भाषांतर राष्ट्रपतींच्या प्राधिकारान्वये राजपत्रात प्रसिद्ध झाले की तो त्या भाषेतील प्राधिकृत पाठ मानला जाईल. 'त्या भाषेतील' असे शब्द आहेत. 'त्या राज्यातील' असे नाहीत. मराठी प्राधिकृत पाठ महाराष्ट्राच्या हद्दीवर येऊन थांबत नाही. तो बेळगावच्या कोर्टात, पणजीत, इंदूर-ग्वाल्हेरात, बडोद्यात आणि हैदराबादेतही मराठी प्राधिकृत पाठच असतो. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. त्याचा निकाल काय लागेल तो लागो. या एका अधिनियमाला कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. आपल्या चळवळीने त्याचा आजवर किती उपयोग केला, याचे उत्तर देताना आमचीही मान खाली जाते.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. मराठी प्राधिकृत पाठ एकदा प्रसिद्ध होतो, म्हणजे मराठीत कायदा एकदा गोठतो. त्यानंतर संसद दरवर्षी सुधारणा करत राहते. प्रत्येक सुधारणेचा अवतरणातील मजकूर मराठीत, त्याच प्राधिकाराने प्रसिद्ध होऊन मराठी पाठात शिरला नाही, तर तो पाठ दर अधिवेशनागणिक खोटा होत जातो. प्राधिकृत आणि खोटा, दोन्ही एकाच वेळी! अशी पुस्तके आम्ही आमच्या कपाटात ठेवली आहेत आणि अशिलाने हाती धरून आणलेली पाहिलीही आहेत. अशा अशिलाला 'दादा, हे पुस्तक खरे आहे, पण त्यातले लिहिलेले आता खरे नाही' हे समजावून सांगणे हा वकिलीतील एक अवघड प्रसंग होय.

यावर 'यंत्र-भाषांतर आले आहे, ते करील' असे सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाचे 'सुवास' न्यायनिर्णयांच्या भाषांतराला साहाय्य करते, ते स्वागतार्ह आहे. निर्णय समजण्यासाठी वाचायचा असतो. तेथे थोडे खडबडीत मराठी चालते. सुधारणेतील उद्धृत मजकूर समजण्यासाठी नसतो, तो कायदा म्हणून दुसऱ्या मजकुरात शिवायचा असतो. मूळ मराठी पाठात 'मंडळ' असताना यंत्राने 'बोर्ड' लिहिले, तर बदलायचा शब्दच सापडणार नाही. भाषांतर बरोबर, सुधारणा निष्फळ. यंत्राला इंग्रजी सुधारणा दाखवून भागत नाही. ज्या मराठी कलमात तिला बसायचे आहे ते कलमही दाखवावे लागते, आणि त्यासाठी ते कलम आधी रचना म्हणून अस्तित्वात असावे लागते.

दुसरीकडे हे कसे करतात? कॅनडाच्या संघीय विधेयकांत इंग्रजी आणि फ्रेंच शेजारी शेजारी, दोन स्तंभांत चालतात आणि दोन्ही पाठ समान प्रमाण. तेथे सहसा शब्दाऐवजी शब्द घालत बसत नाहीत; त्या विभागाचा सर्वांत लहान पूर्ण घटक उचलून तो संपूर्ण नव्याने लिहितात. वाक्य पूर्ण असल्यामुळे प्रत्येक भाषा आपल्या व्याकरणाने नांदते. फ्रेंच पाठातच चूक असेल तर 'फ्रेंच पाठातील अमुक कलमाऐवजी' अशी वेगळी तरतूद करतात. स्वित्झर्लंडच्या संघीय कायद्यांत 'ही सुधारणा केवळ इटालियन पाठापुरती आहे' अशा अर्थाची ओळ भेटते. किती साधी ओळ! तीन भाषा समान मानल्या की एकीची चूक दुसरीला न छेडता सुधारता येते. आपल्याकडे 'ही सुधारणा केवळ मराठी पाठापुरती आहे' असे एखादे विधेयक कोणी मांडले, तर पहिला प्रश्न असा येईल की मराठी पाठ आहे कोठे?

कॅनडाचीही पद्धत फुकट मिळत नाही. पूर्ण घटक नव्याने लिहिला की नेमके काय बदलले हे आमदाराला एका दृष्टिक्षेपात कळत नाही, विधेयक लांबते, छपाई वाढते. इंग्रजी मसुदाकारांचा हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. पण ज्या यंत्राविषयी आपण बोलतो आहोत त्याचे ते तर मुख्य कौशल्य आहे: जुनी आणि नवी रचना शेजारी ठेवून फरक रंगवून दाखवणे. कात्री-खळीच्या काळातील काटकसर संगणकाच्या काळात धर्म म्हणून पाळण्याचे कारण नाही.

या सर्वावरून आम्ही एक निवेदन तयार केले आहे. ते केंद्राच्या विधायी विभागाला, महाराष्ट्राच्या विधि व न्याय विभागाला आणि भाषा संचालनालयाला, तसेच गोवा शासनाला जाईल; १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात मराठीच्या शासकीय वापराला जागा ठेवलेली आहे, म्हणून गोव्यालाही. मागण्या थोड्या आहेत. ज्या कायद्याचा मराठी प्राधिकृत पाठ आहे, त्याची सुधारणा करताना शब्दाऐवजी शब्द ही पद्धत टाळून पूर्ण पोट-कलम, खंड किंवा परंतुक उद्धृत रचना म्हणून घालावे. मसुदालेखनाची जी प्रणाली घेतली किंवा बनवली जाईल, तिच्या खरेदीच्या अटींतच मराठी रचना इंग्रजीच्या बरोबरीने, त्याच ओळखीखाली, त्याच दिवशी भरता आली पाहिजे, अशी अट असावी. क्रमांकांची एकच मालिका ठरवून राजपत्रात जाहीर करावी. ती अ-ब-क-ड असो वा क-ख-ग-घ, आमचा आग्रह कोणत्याही एकीचा नाही, एकच असण्याचा आहे. आणि 'ऱ्य' कसा लिहायचा हे संगणकतज्ज्ञाने एकटे न ठरवता मराठीच्या जाणकाराला शेजारी बसवून ठरवावे.

निवेदनाचा मसुदा तालुका समित्यांकडे पाठवला आहे. सह्या करण्यापूर्वी तो वाचावा. ज्यांना त्यात बदल सुचवायचा असेल त्यांनी 'अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द' अशी चिठ्ठी पाठवू नये. तो संपूर्ण परिच्छेद आपल्याला हवा तसा नव्याने लिहून पाठवावा.